मठ्ठ विद्यार्थ्यांचं गुणगान

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिला समास मूर्खांना दिला आणि दहावा पढतमूर्खांना. एकाच दशकात दोघांची दखल घेतली, पण दोघांना एका पंगतीला बसवलं नाही. हा भेद आज फार उपयोगी पडतो. विकासाच्या कामात समाजमाध्यमं कशी वापरावीत, याच्या कार्यशाळा हल्ली तालुक्यातालुक्यांत होतात आणि तिथे हे दोघंही हजर असतात. पढतमूर्खाच्या कौतुकासाठी प्रमाणपत्रं आधीच छापून आलेली असतात. साध्या मूर्खाबद्दल मात्र कुणी चांगलं बोलत नाही. ते काम मी अंगावर घेतलं आहे, आणि इथला शब्दन् शब्द मनापासून लिहिला आहे.

हा साधा मूर्ख ओळखायला सोपा असतो. पंचायत समितीच्या सभागृहात मागच्या रांगेत एखादी आशा सेविका, एखादी बचत गटाची सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती), पाणलोट समितीतला एखादा वयस्कर सदस्य बसलेला असतो. पुढे पडद्यावर रीच, एंगेजमेंट, हॅशटॅग, रील असे शब्द सरकत असतात. पुढच्या रांगेतली मुलं भराभर पानं उघडतात, लाइक वाढवतात, एकमेकांना टॅग करतात. मागून हात वर होतो. ‘सर, हे बघणार कोण?’ किंवा, ‘जिचा फोटो टाकायचा तिला आधी दाखवायचा का?’ किंवा, ‘खाली कुणी अडचण लिहिली तर उत्तर कुणी द्यायचं?’ सभागृहात हशा पिकतो. प्रशिक्षक म्हणतात, तो मुद्दा आपण नंतर घेऊ. तो मुद्दा नंतर कुणीही घेत नाही. आणि माझं म्हणणं असं की त्या दिवशी त्या सभागृहात शिकण्यासारखं जे काही होतं, ते त्या तीन प्रश्नांत होतं.

पुढची रांग काय शिकली ते आधी पाहू. 2007 च्या सप्टेंबरात रोममध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या मुख्यालयात, विकासासाठी नव्या वेबचा वापर या विषयावर मोठी परिषद झाली. तिच्यामागे नेदरलँड्समधली सीटीए ही संस्था होती. आफ्रिका, कॅरिबियन बेटं आणि पॅसिफिकमधल्या शेतीसाठी ती काम करायची आणि पुढची अनेक वर्षं तिने त्या देशांत असं प्रशिक्षण दिलं. हेतू चांगला होता, माणसं कळकळीची होती. पण त्या काळी जगभर जी साधनं शिकवली जात होती त्यांचं पुढे काय झालं? गुगल रीडर 2013 मध्ये बंद झालं. ऑर्कुट 2014 मध्ये गेलं, विकीस्पेसेस 2018 मध्ये, गुगल प्लस 2019 मध्ये. सीटीए स्वतः 2020 अखेर बंद झाली. आपल्याकडे टिकटॉकवर शेतकऱ्यांनी आणि गावातल्या पोरींनी मोठा श्रोतृवर्ग जमवला होता. 29 जून 2020 रोजी सरकारने 59 ॲपवर बंदी घातली आणि तो एका रात्रीत गेला. फेसबुकच्या पानावर भिस्त ठेवणाऱ्या संस्थांना 2018 च्या जानेवारीत कळलं की कंपनीने कुणाला काय दाखवायचं याचे नियम बदलले आहेत आणि आपली पोस्ट आता आपल्याच माणसांपर्यंत पोचत नाही.

म्हणजे कुठलं बटण कुठे असतं हे ज्यांनी मन लावून पाठ केलं, त्यांच्या विद्येची मुदत संपली. ज्यांच्या डोक्यात ती बटणं कधी शिरलीच नाहीत आणि जे ‘हे बघणार कोण’ एवढ्यावरच अडून बसले, त्यांचा प्रश्न 2007 मध्ये जितका ताजा होता तितकाच आजही आहे. असं अडून बसायला धैर्य लागतं. सगळं सभागृह पुढे गेलेलं असताना आपल्याला पहिलंच पान कळलं नाही असं उभं राहून सांगणं ही लहान गोष्ट नाही.

या मठ्ठपणाची किंमत ज्यांनी वेळीच ओळखली अशांपैकी एक म्हणजे रिकिन गांधी. अवकाश अभियांत्रिकीचं शिक्षण घेतलेला, अंतराळवीर व्हायचं स्वप्न असलेला हा तरुण 2006 मध्ये बंगळूरुच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये शेतकऱ्यांसाठी व्हिडिओ करायच्या प्रकल्पावर काम करू लागला. पुढे त्यातून डिजिटल ग्रीन ही संस्था उभी राहिली. पद्धत अशी की तज्ज्ञाचं भाषण दाखवायचं नाही. गावातल्याच शेतकऱ्याने शेतात उभं राहून करून दाखवायचं, ते चित्रित करायचं आणि संध्याकाळी छोट्या गटात दाखवायचं. मधे थांबवायचं, प्रश्न घ्यायचे. या कामात सगळ्यांत आधी काय विचारलं जातं हे गांधींनी अनेकदा सांगितलं आहे. खताचं प्रमाण किंवा बियाणाची जात नंतर. लोक आधी विचारतात, हा माणूस कोण? कुठल्या गावचा?

कृषी विद्यापीठात शिकलेल्या माणसाला हा प्रश्न अडाणीपणाचा वाटेल. जमीन कुठली, पाऊस किती, हे सोडून नाव-गाव काय विचारता? पण शेतकऱ्याला त्या एका प्रश्नात सगळं मोजता येतं. माणूस जवळचा असेल तर त्याची जमीन माझ्यासारखी असते, त्याच्याकडे बैलजोडी आहे की ट्रॅक्टर हे मला ठाऊक असतं, आणि तो खोटं बोलला तर बाजाराच्या दिवशी मला भेटणार असतो. सांगणारा माणूस सापडण्याजोगा असला पाहिजे, ही त्यांची अट आहे. माहितीवर विश्वास ठेवण्याची इतकी कडक कसोटी मी कुठल्याही प्रशिक्षण पुस्तिकेत वाचलेली नाही.

ही कसोटी जिथे लावली गेली नाही तिथे काय झालं, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. रविवारचा आठवडी बाजार. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश कित्येक दिवस फोनवर फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची भिक्षेकरी माणसं बाजारात आली होती. त्यांतल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. त्या सुमारास देशभरात असेच बळी जात होते. त्या काळात सगळीकडे फिरलेल्या एका चित्रफितीची गोष्ट विकासाचं काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. मोटारसायकलवरून दोघं येतात आणि रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, असं तिच्यात दिसतं. मुळात ती कराचीतल्या एका सामाजिक संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली जाहिरात होती. शेवटी ते दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. तेवढा शेवट कुणीतरी कापून टाकला. चांगल्या हेतूने, चांगल्या कॅमेऱ्याने, प्रभावी केलेलं जनजागृतीचं काम. ते जितकं प्रभावी होतं तितकंच घातक ठरलं.

त्या दिवसांत कुणी तरी ‘हे कोण सांगतंय, कुठल्या गावचं मूल गेलं, त्या मुलाचं नाव काय’ असं विचारलं असतं, तर तो गावचा येडा ठरला असता. मला तसा एकेक येडा प्रत्येक गावात हवा आहे. राईनपाड्यानंतर काही दिवसांतच व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि पुढे ढकललेल्या संदेशावर तशी खूण करायला सुरुवात केली. जगभरची एवढी मोठी कंपनी अखेर मठ्ठ विद्यार्थ्याच्या वेगावर आली. सावकाश जा, आणि हे कुठून आलं ते पाहा.

सावकाशीचंच आणखी एक उदाहरण आहे आणि ते आपल्या गडचिरोलीच्या शेजारचं आहे. 2010 मध्ये शुभ्रांशु चौधरी यांनी छत्तीसगडमध्ये सीजीनेट स्वर सुरू केलं. लोकांकडे स्मार्टफोन नव्हते, इंटरनेट नव्हतं, कित्येकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. 2011 च्या जनगणनेत गोंडी बोलणारे 29 लाखांच्या वर होते, आणि तरीही त्या भाषेतलं वर्तमानपत्र किंवा बातमीपत्र म्हणावं असं काही नव्हतं. चौधरींनी साधा फोन घेतला. एका क्रमांकावर फोन लावायचा, आपलं म्हणणं आपल्या भाषेत सांगायचं, ते ध्वनिमुद्रित होणार. मग काय? मग ते लगेच सगळीकडे जात नाही. संपादन करणारी माणसं ते ऐकतात, खातरजमा करतात, आणि मगच ते इतरांना फोनवर ऐकायला मिळतं. रेशन आलं नाही, मजुरी मिळाली नाही, हातपंप बिघडला, मास्तर येत नाही. संबंधित अधिकाऱ्याचा क्रमांकही त्यात सांगितलेला असतो, आणि ऐकणारी दूरदूरची माणसं त्या अधिकाऱ्याला फोन करतात. व्हायरल होण्याच्या हिशेबात या उद्योगाला फारसे गुण मिळणार नाहीत. पण हातपंप दुरुस्त झाल्याचा संदेश त्याच क्रमांकावर त्याच माणसाच्या आवाजात परत येतो.

आता उलट बाजू. 5 मार्च 2012 रोजी अमेरिकेतल्या इनव्हिजिबल चिल्ड्रन या संस्थेने ‘कोनी 2012’ हा अर्ध्या तासाचा चित्रपट इंटरनेटवर टाकला. युगांडातला बंडखोर नेता जोसेफ कोनी मुलांना पळवून सैनिक करतो, त्याला जगभर कुप्रसिद्ध करा म्हणजे तो पकडला जाईल, असा त्याचा आग्रह होता. सहा दिवसांत तो 10 कोटी वेळा पाहिला गेला. समाजमाध्यमांच्या प्रशिक्षणात पुढच्या रांगेला जे जे शिकवतात ते सगळं त्यात होतं. गोड लहान मुलगा, एक खलनायक, ठळक हॅशटॅग, हातात बांधायचे पट्टे, ठरलेली तारीख. कोनी 2006 नंतर युगांडात नव्हताच, हे तपशिलात गेलं.

मग उत्तर युगांडातल्या लिरा शहरात तिथल्याच एका स्थानिक संस्थेने मोकळ्या मैदानावर पडदा लावून हा चित्रपट लोकांना दाखवला. हजारो माणसं जमली. त्यांतल्या अनेकांची मुलं त्या युद्धात गेली होती, अनेकांचे हातपाय, ओठ कापले गेले होते. कोनीबद्दल त्यांना कुणी काही शिकवायची गरज नव्हती. आपल्या दुःखाच्या चित्रपटात आपण कुठेच नाही, एक परदेशी माणूस स्वतःच्या मुलाला आपली गोष्ट समजावून सांगतो आहे, आणि आपल्या वैऱ्याचं नाव असलेले सदरे नि पट्टे विकले जात आहेत, हे पाहून लोक भडकले. दगड भिरकावले गेले आणि पुढचे खेळ रद्द करावे लागले. 10 कोटी लोकांना जे दिसलं नाही ते लिराच्या मैदानावर एका संध्याकाळी दिसलं. 20 एप्रिलच्या रात्री जगभरची शहरं भित्तिपत्रकांनी भरून टाकायची होती. त्या रात्री फारसं कुणी आलं नाही. ‘जिचा फोटो टाकायचा तिला आधी दाखवायचा का?’ हा मागच्या रांगेतला प्रश्न सॅन दिएगोतल्या कार्यालयात वेळेवर विचारला गेला असता तर तो चित्रपट वेगळा झाला असता.

हा प्रश्न आपल्याकडे कायद्यातही आहे. बाल न्याय कायद्याचं 74 वं कलम आणि पोक्सोचं 23 वं कलम मुलाची ओळख उघड करायला मनाई करतात. तरीही वाचवलेल्या मुलांचे फोटो, शेजारी संस्थेचा फलक धरून, फेसबुकवर पडतच असतात, कारण वर्षअखेरीच्या अहवालाला चित्र लागतं. तिथे एखादी सेविका ‘पोराच्या आईला विचारलं का’ म्हणून फोटो अडवून धरते. तिला कामाची समज नाही असं तिच्याबद्दल बोललं जातं. माझ्या मते त्या कार्यालयात कामाची समज तिलाच आहे.

फुकट मिळालेलं परत करण्याच्या मूर्खपणाचंही कौतुक करायला हवं. 2021 च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल मोठ्या संख्येने परत केले. फोन तापत होते, बंद पडत होते, साठवण अपुरी होती, आणि ज्या पोषण ट्रॅकर ॲपवर मुलांची वजनं भरायची ते इंग्रजीत होतं. दुरुस्तीचा भुर्दंडही त्यांच्याच खिशावर होता. डिजिटल क्रांतीला पाठ दाखवणाऱ्या बायका, असं त्यांच्याकडे पाहणारे होते. पण घरी तान्हं मूल असलेल्या बाईशी जिला रोज मराठीत बोलायचं आहे, तिने आपलं साधन मराठीत असावं असा हट्ट धरला तर त्यात आडमुठेपणा कसला? साधन नाकारणं हादेखील साधन शिकण्याचाच भाग आहे, आणि तो धडा कुठल्याही कार्यशाळेत घेतला जात नाही.

वारणेच्या लोकांनी हा धडा फार आधी घालून दिला. 1998 मध्ये वारणानगरच्या परिसरातल्या सत्तर गावांत संगणक केंद्रं उघडण्याचा गाजलेला प्रकल्प सुरू झाला. शेती सल्ला, बाजारभाव, सरकारी माहिती, सगळं तिथे मिळणार होतं. लोकांनी तिथे जाऊन विचारलं ते मुख्यतः आपल्या उसाचं. तोड कधी, वजन किती भरलं, खतं किती उचलली. माहितीयुगाचा अपमान वाटावा असा हा वापर. पण पुढे संशोधकांनी हे नीट पाहिलं आणि 2006-07 च्या सुमारास काही गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल आणि एसएमएस ठेवून पाहिला. लोकांना हवं होतं ते त्यावर भागलं, आणि खर्चही कमी झाला. ऊस विचारणारा शेतकरी तंत्रज्ञानाला मागे खेचत नव्हता. आपल्याला काय हवं हे तो पहिल्या दिवसापासून सांगत होता.

बुंदेलखंडातल्या ‘खबर लहरिया’चं नाव घेतल्याशिवाय हे गुणगान पुरं होणार नाही. 2002 मध्ये चित्रकूट जिल्ह्यात दलित आणि इतर वंचित समाजांतल्या बायकांनी बुंदेली बोलीत हे पत्र सुरू केलं. काही जणी नव्यानेच अक्षरं शिकलेल्या होत्या. 2009 मध्ये युनेस्कोचा साक्षरतेचा किंग सेजोंग पुरस्कार मिळाला. छापील अंक सोडून पुढे त्या मोबाइलवर बातम्या चित्रित करू लागल्या. त्यांच्यात फोन हाताळायची सवय नसलेल्या, बिघडेल म्हणून धास्तावलेल्या बायका होत्या. त्यांना ‘एंगेजमेंट’ समजायला वेळ लागला असेल. खाणीतलं माफियाराज, बलात्काराची नोंदच न घेणारं पोलीस ठाणं, शौचालय बांधल्याचा कागद आणि न बांधलेलं शौचालय, हे त्यांना लगेच समजत होतं. त्यांच्यावरचा ‘रायटिंग विथ फायर’ हा माहितीपट 2022 मध्ये ऑस्करच्या अंतिम यादीत गेला. जगातली सगळ्यांत मोठी प्रसिद्धी दारात आली होती. सोहळ्याच्या काही दिवस आधी खबर लहरियाने निवेदन काढून सांगितलं की चित्रपट प्रभावी आहे, पण त्यात आमचं काम अपुरं आलं आहे. एकाच पक्षाच्या बातम्यांवर भर देणारी संस्था म्हणून आम्हाला दाखवलंय, आम्ही तशा नाही.

प्रसिद्धीचं शास्त्र शिकलेला कुणीही त्यांना सांगेल, ही वेळ नव्हती, गप्प बसायला हवं होतं. त्या गप्प बसल्या नाहीत. चित्रकूट-बांद्याच्या गावांत त्यांना उद्या पुन्हा सगळ्या पक्षांच्या लोकांसमोर उभं राहून प्रश्न विचारायचे होते, आणि ती पत लॉस एंजेलिसच्या एका रात्रीसाठी गहाण टाकायची त्यांची तयारी नव्हती. इतक्या नेमक्या शहाणपणाला जग मूर्खपणा म्हणत असेल तर तो मूर्खपणा संसर्गजन्य व्हावा.

राहिला मागच्या रांगेतला तिसरा प्रश्न, उत्तर कुणी द्यायचं हा. गोव्यातून चालणारी व्हिडिओ व्हॉलंटियर्स ही संस्था 2010 पासून देशभरातल्या गाव-वस्त्यांतल्या बातमीदारांकडून व्हिडिओ करवून घेते. प्रश्नाचा व्हिडिओ केला की काम संपत नाही. बातमीदाराने त्याचा पाठपुरावा करायचा आणि प्रश्न सुटला तर दुसरा व्हिडिओ करायचा, रस्ता झाला, पगार मिळाला, असा. या दुसऱ्या व्हिडिओला पहिल्याइतके प्रेक्षक मिळायची शक्यता कमी. सुटलेला प्रश्न कोण पाहतो? पण गावासाठी मोलाचा तोच असतो.

स्वीडनच्या युनिसेफने 2013 मध्ये जाहिरातच केली होती की फेसबुकवर आम्हाला लाइक केल्याने एकाही मुलाला लस मिळत नाही, लशीला पैसे लागतात. इतकं सरळ बोलायला मोठ्या संस्थेला धाडस करावं लागलं. गावातल्या सेविकेला ते पहिल्यापासून ठाऊक होतं, म्हणूनच ती विचारत होती, उत्तर कोण देणार?

तेव्हा माझी विनंती निधी देणाऱ्यांना आणि संस्था चालवणाऱ्यांना आहे. समाजमाध्यमांच्या अंदाजपत्रकात पोस्ट बूस्ट करायला रक्कम असते, ड्रोनच्या चित्रीकरणाला असते, कार्यशाळेच्या जेवणाला असते. आलेल्या प्रश्नाला उलट फोन करणाऱ्या, बातमीची खातरजमा करणाऱ्या आणि फोटो टाकण्याआधी घरी जाऊन परवानगी मागणाऱ्या माणसाचा पगार त्यात बहुधा नसतो. पुढच्या वर्षी बूस्टिंगची रक्कम काढा आणि त्या जागी हा पगार लिहा.